अठरा किलोमीटर डांबर

बेसिल जीपच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने अंगठ्याचे नख नव्या टायरच्या रबरात रोवून पाहिले. मग नक्षीच्या दोन गट्टूंमधल्या फटीत करंगळी घातली. ती पहिल्या पेरापर्यंत आत गेली.

"चिखलाला झकास," तो म्हणाला. "पन आपल्याला चिखल किती, साहेब?"

मंडळाच्या अंगणात तेव्हा वीस-पंचवीस माणसे जमली होती. जीपच्या बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि नारळ अजून फुटायचा होता. माझ्या हातात भाषणाचा कागद होता आणि मी तो मनात म्हणून बघत होतो. म्हणून बेसिलचे बोलणे मी नीट ऐकले नाही, असे पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. मी ऐकले होते.

ही १९९८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पापडीच्या आमच्या आरोग्य मंडळाची एक जुनी जीप होती. कामणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी चार पाडे होते. तिथल्या आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना वसईच्या दवाखान्यात आणायचे, हे त्या जीपचे काम. बेसिल सतरा वर्षे ती चालवत होता. मी मुंबईत एका सरकारी कचेरीच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, आणि माझे अक्षर बरे म्हणून मंडळाने मला चिटणीस केले होते. दुसरे काही कारण मला तरी दिसत नाही. गाडी सोडाच, मला सायकलही धड येत नव्हती.

पापडीपासून पाड्यांच्या वळणापर्यंत अठरा किलोमीटर डांबर होते, आणि तिथून पुढे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. पावसाळ्यात त्याचा नुसता रबडा व्हायचा. त्या दोन किलोमीटरसाठी बेसिलची स्वतःची एक रीत होती. डांबर संपले की तो जीप थांबवायचा. काडेपेटीतली काडी व्हॉल्व्हवर दाबून मागच्या चाकांतली थोडी हवा सोडायचा. मग सीटखालून सुंभाचा जाड दोर काढून चाकाच्या भोकांतून ओवून टायरभोवती वेढे घालायचा. त्याचा बाप वाडीतून केळीचे लोंगर काढायचा, तेव्हा चिखलात गाडा रुतू नये म्हणून असाच दोर बांधायचा. परतताना डांबर लागले की बेसिल दोर सोडायचा, पंपाने हवा भरायचा आणि निघायचा. जाताना दहा मिनिटे, येताना दहा मिनिटे. सतरा वर्षांत जीप एकदाही रुतून बसली नव्हती.

पण मंडळातल्या लोकांना तो दोर बरा दिसत नसे. आमचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ बागायतदार होते, मोठ्या मनाचे होते, पण थट्टा करायचे. बेसिलला म्हणायचे, "जीपला दावं बांधून कुठे निघालास रे, बाजारात विकायला?" बेसिल हसायचा. वालीवला कारखाना असलेल्या एका गृहस्थांच्या कानावर ही दोराची गोष्ट गेली आणि त्यांनी मंडळाला पाच नवे टायर भेट दिले. कच्च्या आणि पक्क्या, दोन्ही रस्त्यांचे. तेव्हा ते आमच्याकडे कुणी पाहिलेही नव्हते. मोठमोठे गट्टू, मध्ये रुंद फटी, कडांना खाचा. सोबत इंग्रजीत चार पानांचे माहितीपत्रक होते. त्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी दोन रविवार त्यात घालवले. 'सर्वमार्गी' हा शब्द मला सुचला तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. समारंभात मी ते वाचून दाखवले. शेवटचे वाक्य होते, "डांबर असो वा चिखल, चाक तेच आणि विश्वासही तोच." टाळ्या पडल्या. माझ्या वाक्याला आयुष्यात तेवढ्याच एकदा टाळ्या पडल्या. हरिश्चंद्रभाऊंनी ते भाषांतर छापून घेतले आणि एक प्रत कार्यालयात चौकटीत लावली.

मूळ पत्रकात मात्र ते शेवटचे वाक्य नव्हते. चौथ्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात दुसरेच होते. ओल्या डांबरी रस्त्यावर हे टायर साध्या टायरइतके लवकर थांबत नाहीत, वेग कमी ठेवावा, पुढच्या वाहनापासून जास्त अंतर राखावे. मी त्याचेही मराठी केले होते. मग खोडले. माझ्या त्या वाक्यानंतर ते वाचायला गेलो असतो तर सगळ्यावर पाणी पडले असते, आणि टायर देणारे गृहस्थ पहिल्या रांगेत बसणार होते.

जूनच्या अखेरीस मी एकदा जीपबरोबर पाड्यावर गेलो. नर्स रेजिना मागे बसली होती. डांबरावर टायर एकसारखे घूं करत होते. रेजिना म्हणाली, "भुंगा पाळलाय मंडळानं. पेशंटची नाडी धरली तरी मला ह्याचाच आवाज येतो." चिखल लागला तसा तो आवाज बंद झाला. जीप न थांबता आत शिरली. फटींतून चिखल मागे भिरकावला जात होता आणि चाक पुन्हा मोकळे होऊन पुढचा चिखल धरत होते. वाटेतला ओढा, जिथे बेसिल दर वेळी खाली उतरून बघायचा, तो आम्ही एका दमात पार केला. पाड्यावरच्या बायका दारात येऊन बघत राहिल्या.

"मानलं," बेसिल म्हणाला. तो कोत्या मनाचा नव्हता. "चिखलात राजा आहे."

परतताना पाऊस भुरभुरत होता. कामणच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून बेसिलने आम्हाला धरून बसायला सांगितले आणि किलोमीटरच्या दगडाशी ब्रेक दाबला. जीप थांबली, पण लगेच नाही. अंगाखालून कुणी सतरंजी ओढावी तशी ती काही अंतर पुढे सरकत गेली. बेसिल उतरला, पावसातच दगडापर्यंत मागे गेला आणि पावले मोजत परत आला.

"वीस," तो म्हणाला. "जुन्यांवर चौदा लागायची. चाळीसचा स्पीड, असाच पाऊस. मी मोजून ठेवलीत." मग खिडकीशी वाकून तो मला म्हणाला, "नुसते गट्टूंचे माथे टेकतात हो डांबरावर. बाकी सगळी फट. दोन किलोमीटरसाठी अठरा कशाला बिघडवायचे? जुने टायर शेडमध्ये आहेत, अजून चांगले आहेत. पावसाळाभर तेच चढवू. दोर मी बांधीन. तुमी तेवढं मीटिंगच्या वहीत लिवा, साहेब. मी बोललो तर ड्रायव्हर बोलला. तुमी लिवलं तर ते होतं."

मी म्हणालो, बैठकीत विषय काढतो.

त्या बैठकीत टायर देणारे गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. पुढच्या बैठकीत विषय पुष्कळ होते. इतिवृत्त मीच लिहायचो आणि ते वाचून कायम होण्यापूर्वी एखादी ओळ घालणे मला अवघड नव्हते. पण मनात यायचे, आपल्याला यातले काय कळते? वीस पावले म्हणजे खरेच जास्त का? मला वाचून माहीत होते आणि बेसिलला चालवून माहीत होते, आणि दोन्ही एकच होते, तरी मला खात्री वाटत नव्हती. वाटत नव्हती की वाटून घ्यायची नव्हती, ते आता सांगता येत नाही.

बेसिलने मग स्वतःपुरता उपाय केला. ओल्या डांबरावर तो पस्तीसच्या वर जाईना. वेळ वाढला. पाड्यांवरून तक्रार आली नाही, मंडळातूनच आली. हरिश्चंद्रभाऊ म्हणाले की दोराची दहा मिनिटे वाचली आणि ह्याने रस्त्यात वीस घालवली. नवे टायर आणि चाल बैलाची. त्यांनी मला पत्र लिहायला सांगितले. मी लिहिले, "रुग्णवाहिका विनाकारण संथ चालवू नये." 'विनाकारण' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. मला वाटले, त्यात त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.

बेसिलने पत्र उभ्याने वाचले. घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवले. त्यानंतर ओल्या डांबरावरही तो पस्तीसच्या वर जाऊ लागला.

ऑगस्टमध्ये विमला नावाच्या बाईला घेऊन जीप पाड्यावरून निघाली. बाळंतपण अडले होते. चिखलातून जीप झरकन बाहेर आली. पुढे सातिवलीपाशी ओल्या डांबरावर एका गोदामाच्या गल्लीतून मालाचा टेंपो अचानक आडवा आला. बेसिलने ब्रेक दाबला. जीप सरकत जाऊन गोदामाच्या खांबाला धडकली. बेसिलचे मनगट मोडले. रेजिनाने विमलाला कवेत धरून ठेवले होते, तरी तिचे कपाळ फुटले. लोकांनी तिला त्याच टेंपोत घातले. संध्याकाळपर्यंत तिला मुलगी झाली आणि दोघी वाचल्या. कपाळाला सात टाके पडले.

रविवारी सकाळी कार्यालयात बैठक बसली. रेजिनाने सांगितले की वेग पन्नासच्या आतच होता. हरिश्चंद्रभाऊंनी तिला शांतपणे विचारले, बाई, तुम्ही पेशंटकडे बघत होता की काट्याकडे? ती खाली बसली. मग ते उठले, भिंतीवरची चौकट काढून टेबलावर ठेवली आणि चष्मा लावून माझे वाक्य मोठ्याने वाचले. डांबर असो वा चिखल, चाक तेच आणि विश्वासही तोच.

"टायर दोन्ही रस्त्यांचे आहेत," ते म्हणाले. "हे मी नाही म्हणत, इथे छापलंय. मग चुकलं कोण?"

बेसिल हात गळ्यात बांधून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मूळ पत्रक माझ्या पिशवीत होते. मी ते सकाळी मुद्दाम बरोबर घेतले होते. पिशवी मांडीवर होती, तिचे बंद माझ्या दोन्ही हातांत होते, आणि पत्रक कुठल्या कप्प्यात आहे तेही मला ठाऊक होते. मी पेन उघडले आणि वहीत तारीख लिहिली.

"चालवनारा मीच होतो," बेसिल म्हणाला. बाकी त्याने काही सांगितले नाही. पावले नाहीत, जुने टायर नाहीत, पत्रही नाही.

त्याला कामावरून कमी करण्याचा ठराव मी लिहिला. जीप लागलीच दुरुस्तीला गेली आणि ठराव त्याच दिवशी कायम झाला. मी पायऱ्या उतरलो तेव्हा तो फाटकाशी थांबला होता. डाव्या हाताने खिशातून पाकीट काढणे त्याला जमत नव्हते. मी मदत करायला पुढे झालो नाही. त्याने दातांनी पाकीट उघडले आणि माझे पत्र मला परत दिले.

"तुमचं अक्षर आहे, साहेब," तो म्हणाला. "कोनाला दाखवलं नाय."

वसईत मग त्याला कुणी गाडी दिली नाही. बाळंतिणीच्या कपाळाला सात टाके पाडणारा ड्रायव्हर, असे त्याचे नाव झाले. तो भावाच्या वाडीत राबू लागला. मी दुसऱ्या रस्त्याने स्टेशनला जाऊ लागलो. जीपवर नवा ड्रायव्हर आला, तो तरुण होता, सुसाट जायचा, आणि त्याला काही झाले नाही. दोन वर्षांत डांबराने ते गट्टू घासून टाकले. टायर बोडके झाले आणि चिखलातही चालेनात. मग पाड्यांना पक्का रस्ता मिळाला.

२००६ मध्ये मंडळाने जीप भंगारात काढली. सामान उतरवून घेताना मागच्या सीटखाली हातपंप, दमट काडेपेटी आणि सुंभाचा दोर सापडला. दोर कुणालाच नको होता. मी तो पिशवीत घातला, आणि घरी येऊन त्यात मूळ पत्रकही घातले. आठ वर्षे ते एका जाड पुस्तकात होते, त्यामुळे अगदी सपाट राहिले होते.

तीच पिशवी घेऊन मी बेसिलच्या घरी गेलो, तेव्हा त्याची बायको फ्लॉसी अंगणात होती. तिने मला ओळखले. आत या म्हणाली नाही. वाडीकडे हात करून म्हणाली, "केळीत आहे."

तो केळीला टेकू लावत होता. केस पांढरे झाले होते. मी पत्रक काढले आणि चौथे पान त्याच्यापुढे धरले. तिथे काय लिहिले आहे ते मी मराठीत सांगितले. खोडले होते ते वाक्य मला जसेच्या तसे पाठ होते. ऐकणारा आपल्याला काहीतरी म्हणेल, निदान शिवी तरी देईल, असे मला वाटत होते.

"असनारच," तो म्हणाला. "टायर बनवनाऱ्याला माहीत नसेल का?" आणि पत्रकाला हात न लावता त्याने विचारले, "तुमी तेवा वाचलं होतं?"

मी होय म्हणालो.

मग त्याची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या दोराच्या टोकावर गेली. त्याने ते धरून सगळा दोर ओढून घेतला आणि अंगठ्याचे नख सुंभात रोवून पाहिले. एका जागी धागे तुटून भुसा झाले.

"ओला ठेवला कोनीतरी," तो म्हणाला. "वाळवून ठेवायचा असतो."

एवढे बोलून त्याने तो झटकला आणि गुंडाळायला घेतला. मोडलेले मनगट अर्धेच वळत होते, म्हणून तो मध्ये मध्ये थांबत होता. मी पत्रक हातात धरून उभा होतो. वेढ्यावर वेढा बसत गेला, सगळे सारख्या मापाचे, जीपच्या चाकाएवढे.

मग त्याने शेवटचे टोक आत खोवले, दोर पंपाच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला उन्हात अडकवला, आणि तो पुन्हा केळीकडे वळला.