चाळीस गाठींचे कातणे

मी एक जुने पितळी कातणे आहे, मित्रांनो. करंजीच्या कडेवरून जी दातेरी चकती फिरते ना, ती मी. वीतभर दांडी, एका टोकाला चकती आणि दुसऱ्या टोकाला एक भोक. आता माझे दात झिजले आहेत आणि चकती कुरकुरत फिरते. वर्षातले मोजके दिवस काम करायचे आणि बाकीचे दिवस खुंटीला लटकायचे, एवढेच माझे आयुष्य. मग इतका थकवा कसला, असे तुम्ही विचाराल. कामाने थकवा येतो, तसा नुसते पाहत राहण्यानेही येतो. मी फार पाहिले आणि कधीच काही बोलू शकले नाही. मला दात होते, जीभ नव्हती.

माझा जन्म शिरूर कासारचा. तेव्हा निजामाचे राज्य होते. एका कासाराने फुटके तांबे वितळवून नवी भांडी केली आणि उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. बरेच दिवस मला गिऱ्हाईक मिळाले नाही. मग बंकट आला.

बंकट कडा नावाच्या गावाच्या बाजूला एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत होता. दोर वळणे हे त्याच्या घराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पाने कुजवून, झोडपून त्यांतून वाख काढायचा आणि त्या धाग्यांचे नाडे, दावी, शिंकी वळायची. कासाराला विहिरीसाठी दोर हवा होता. बंकटने तो दिला आणि बदल्यात मला मागितले. कासाराने दोरावर आधी पाणी शिंपडले, मग तो उचलला. मला त्याने ओट्याच्या कडेला ठेवले आणि दोन पावले मागे सरला. तेव्हा कुठे बंकटने मला हातात घेतले. त्या हाताला इतके घट्टे होते की माझे दात त्याला टोचलेसुद्धा नाहीत.

त्याने मला आपल्या बायकोसाठी, साखराबाईसाठी नेले. मोठ्या दुष्काळानंतर या घराने येशूचा धर्म घेतला होता. गावात असे घर एकच. त्यामुळे नाताळ हा त्या घराचा हक्काचा सण, आणि त्या सणासाठी मी. पहिल्या नाताळाला साखराबाईने तिळगुळाच्या करंज्या केल्या. शेजारची छबुबाई कडा पाहून म्हणाली, "अगं बया, ह्या करंज्या का पैठणीचा काठ?" मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

त्यांना एकच लेक. तिला नजर लागू नये म्हणून नाव कडूबाई ठेवले. वस्तीवरचे लोक हसत, "साखरेच्या पोटी कडू!" ही कडू चार वर्षांची झाल्यापासून माझ्यामागे असे. उरलेल्या लाटीवर मला फिरवून ती चिमण्या कातायची, आणि बंकट त्या चिमण्या तेलातून निघाल्या निघाल्या खायचा. जीभ भाजली तरी खायचा.

कडू बारा वर्षांची झाली तेव्हा मिशनचे उपदेशक सुंदरराव तिला शाळेत न्यायला आले. सरहद्दीपलीकडे, इंग्रजांच्या मुलखात, नगरकडे मुलींची शाळा होती. साखराबाई हो म्हणाली, बंकट नाही म्हणाला. साखराबाईने त्याचे न ऐकता लेकीला पाठवले. त्या सकाळी कडू अंगणात उभी राहून "बा, जाते" असे तीनदा म्हणाली. बंकट तिच्याकडे पाठ करून दोर वळत बसला. तो वळला नाही आणि बोललाही नाही.

त्या दिवसापासून नवराबायकोचे बोलणे बंद झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन वर्षे. पण एका घरात राहायचे तर चार शब्द लागतातच. मग ते दारातल्या शेळीशी बोलत.

"शेळे, म्हनावं भाकर झाली," साखराबाई म्हणायची.

"शेळे, म्हनावं कालवनात मीठ न्हाई," बंकट म्हणायचा.

छबुबाई पदर तोंडाला लावून हसायची. "तुमची शेळी वकील झाली गं साखरे. काळा डगला तेवढा शिवायचा राहिला."

हसण्यासारखेच होते ते. पण मी खुंटीवरून रोज पाहत होते. ती दोन माणसे समोरासमोर बसून शेळीकडे पाहत जेवत आणि दोघांनाही घास उतरत नसे.

चौथ्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि सुंदरराव तट्टावरून आले. बंकट नेहमीसारखा पाठ करून दोर वळत होता.

"साखराबाई, कडूचा निरोप हाय. ह्या नाताळाला येनार हाय ती."

साखराबाईच्या हातातले सूप खाली पडले.

"पर सगळं ऐका," सुंदरराव हळू म्हणाले, तरी बंकटला ऐकू जाईल इतके. "ती म्हनली, बा माज्याशी बोलला तर आठ दिस राहीन. न्हाई बोलला तर दारातच पानी पिऊन माघारी जाईन."

"कवा हाय नाताळ?" साखराबाईने विचारले.

"आजपासून चाळीस दिसांनी."

हे कळणे सोपे नव्हते, मित्रांनो. चावडीवर निजाम सरकारचे फसली साल आणि त्याचे महिने चालत. देवळात पंचांगाची तिथी. उपदेशकाची इंग्रजी तारीख गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती, आणि साखराबाईला विसाच्या पुढे मोजता येत नव्हते. म्हणून सुंदररावांनी बंकटच्या ढिगातली एक दोरी मागून घेतली. त्यांनी आकडा म्हणायचा आणि तिने गाठ मारायची. चाळीस गाठी झाल्या.

"उद्यापासून रोज सकाळी एक सोडा. गाठी सरल्या की नाताळ."

साखराबाईने ती दोरी माझ्या भोकात ओवली आणि मला खुंटीला टांगले. त्या सांजेला ती पाण्याला गेली असताना बंकट हातपाय धुऊन आत आला. त्याने दाराकडे पाहिले. मग माझ्याजवळ येऊन एक गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटवण्याआधी, साखराबाईने एक गाठ सोडली. सांजेला बंकटने एक सोडली. पुन्हा सकाळी तिने आणि सांजेला त्याने. तिला वाटे, हा दगड काय दिवस मोजणार! त्याला वाटे, हिला मोजता येत नाही, ही विसरेल, आणि लेक येईल तेव्हा घरात काही नसेल. मी मधे लटकले होते आणि ओरडू शकत नव्हते. त्या दिवसांइतकी मी कधीच थकले नाही.

दहा गाठी उरल्या की गहू ओलवायचे, असे साखराबाईने ठरवले होते. पण गाठी भराभर सरू लागल्या. दहा दिवसांचे काम पाच दिवसांवर आले. तिने पांढऱ्या मातीने भिंती पोतारल्या, गहू ओलवून वाळवले, दळले, फडक्यातून गाळले. तीळ भाजले, गूळ किसला. फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. तिची कंबर धरली, मनगट दुखू लागले.

"शेळे, यंदा दिस लई पळायलेत गं," ती म्हणायची.

बंकटलाही दोरी पाहून नवल वाटे. तो डोळे चोळून पुटपुटे, "नजर गेली माजी." त्याने याच दिवसांत मोडकी बाज काढून नव्याने विणायला घेतली होती. साखराबाईला वाटले, असेल कुण्या गिऱ्हाइकाची. मी मात्र पाहिले की विणताना तो वाखातले कुसळ न् कुसळ वेचून काढत होता. कुण्या गिऱ्हाइकाच्या बाजेसाठी त्याने असे कधी केले नव्हते.

विसाव्या दिवशी सकाळी साखराबाईने शेवटची गाठ सोडली. तिच्या हिशेबाने नाताळ उजाडला. आदल्या दिवशी करडीच्या तेलात करंज्या तळून झाल्या होत्या. तिने रीतीप्रमाणे वस्तीवर घरोघर दोन दोन वाटल्या, लेकीसाठी गाडगे भरून ठेवले, धुतले लुगडे नेसली आणि नगरच्या वाटेवर दगडावर जाऊन बसली. बंकट पलीकडच्या केकताडाच्या बांधावर पाने कापत बसला. छबुबाईने नंतर सांगितले, दिवसभरात त्याने चार पानेही कापली नाहीत.

दिवस मावळला. वाटेवर कोणी आले नाही.

साखराबाई घरी आली, मागून बंकटही आला. गाडगे उचलून तिने सगळ्या करंज्या दारात आलेल्या छबुबाईच्या पदरात ओतल्या. "पोरांना दे. आता कुनासाठी ठिवू?" मग ती वळली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"तुमच्यामुळं आली न्हाई ती. कावून यावं तिनं? पाठ बघाया?"

"मी काय केलं?" बंकटचा आवाज फाटला. "मी तर रोज सांजच्याला गाठ सोडीत व्हतो."

साखराबाई एक पाऊल पुढे आली.

"कंची गाठ?"

"ह्या कातन्याची."

"ती तर मी सोडीत व्हते. रोज सकाळी."

छबुबाईने आधी त्याच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि पदरातल्या करंज्या सांभाळत मटकन खाली बसली. "देवा रं! तुमच्या दोघांच्या भांडनात नाताळ अर्ध्या वाटंवरच गाठला की रं!"

साखराबाई हसली नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. "म्हंजी तुमीबी वाट बघत व्हता?"

बंकट खाली बसला. तो बोटे मोजू लागला. "चाळीस गाठी, दोन हात. वीसच दिस गेलेत. अजून वीस हायेत." त्याने मला खुंटीवरून काढले आणि त्याच दोरीला पुन्हा वीस गाठी मारल्या. "आता तूच सोडायच्या. मी हात लावनार न्हाई."

पण घरात ना गहू उरला होता, ना गूळ, ना तेल. बंकटने पुन्हा केकताड कापले. पाटलाच्या मोटेसाठी त्याने दोन नाडे वळले आणि गहू आणले. तिळागुळासाठी दावी वळली. शिंक्यांची जोडी करून तेल्याकडून तेल आणले. त्याच्या तळव्यांतून रक्त यायचे आणि ते दोरात मुरायचे. साखराबाई पुन्हा जात्याला बसली. थकलेल्या माणसाला तेच काम दुसऱ्यांदा करायला लागावे, यासारखे जड काही नाही. तिचे मनगट सुजून लाकडासारखे झाले. तिने हळद लावून त्याला फडके बांधले. करंज्या भरायच्या दिवशी तिने मला हातात घेतले आणि कळ येऊन मी खाली पडले.

बंकटने मला उचलले. "कसं फिरवायचं?"

"दाबून. पर लई न्हाई."

दोर वळणारा हात तो. त्याला जोर ठाऊक, हळुवारपणा नाही. मी कधी आत घुसले, कधी बाहेर घसरले. कडा अशा वाकड्या झाल्या की बैल मुतत गेल्यासारख्या, असे छबुबाईच म्हणाली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दोरीला एक गाठ उरली होती. दुसऱ्या दिवशी नाताळ. त्या संध्याकाळी, ऊन अजून भिंतीवर होते तेव्हा, सुंदररावांच्या तट्टामागून कडूबाई चालत आली. पांढरे लुगडे, हातात बोचके. उंच झाली होती. ती अंगणात आली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. बोचके तिने खाली ठेवले नाही.

बंकट दोर वळत बसला होता. पण या वेळी त्याची पाठ भिंतीकडे होती आणि तोंड वाटेकडे. त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. तीन वर्षे शेळीशी बोललेला माणूस तो, लेकीशी कसे बोलायचे हे विसरला होता.

साखराबाईने पाणी दिले आणि करंज्यांची पाटी पुढे केली. कडूने उभ्यानेच एक करंजी उचलली आणि कडेवरून बोट फिरवले.

"माय, ह्या कुनी कातल्या?"

साखराबाईने फडके बांधलेला हात पदराआड घेतला. नवऱ्याच्या वतीने आज ती काही बोलणार नव्हती.

दोराचा पीळ थांबला. बंकटने शेळीकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले.

"शेळीनं," तो म्हणाला.

कडू ती करंजी हातात धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, तरी ओठाच्या कोपऱ्यात हसू आले होते.

"शेळीला म्हनावं, कडा लई वाकड्या हायेत."

"शेळी म्हनती," बंकटने हातातला दोर खाली ठेवला, "ऱ्हा आठ दिस. शिकीव."

कडूबाई उंबरा ओलांडून आत आली आणि तिने बोचके नव्या बाजेवर ठेवले.

मित्रांनो, या गोष्टीला फार वर्षे झाली. बंकट गेला, साखराबाई गेली. कडूबाईने पुढे पुष्कळ नाताळ केले आणि प्रत्येक पाटीत एक तरी करंजी मुद्दाम वाकडी कातली. आता मी तिच्या नातवंडांच्या घरी एका डब्यात आहे. करंज्या दुकानातून येतात. परवा कोणीतरी मला चिमटीत धरून म्हणाले, हे मोडीत टाकू या.

मोडीत टाकायचे तर टाका. मी थकले आहे, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कोणी रुसून पाठ करून बसले असेल, तर एवढे करा. तेही तुमच्यासारखेच गुपचूप दिवस मोजत नाहीत ना, हे एकदा विचारून पाहा. मी जवळ असून सांगू शकले नाही. तुम्हाला जीभ आहे.

आणि मला ठेवणार असाल, तर घासा, चकतीला तेलाचा थेंब द्या. माझ्या भोकात केकताडाची एक काळी पडलेली दोरी आहे. त्या नाताळच्या सकाळी शेवटची गाठ सोडायचे कोणालाच आठवले नाही, कारण मोजायचे काही उरले नव्हते. ती गाठ दोरीला अजून आहे. तेवढी सोडू नका.