जावईबापूंचा ढीग

“राखेकाका, हे शेचाळीस काय लिहिलंय?”

“निघाली तेवढी लिहिली, साहेब. शंभराला शेचाळीस.”

“नमुना कुठला?”

“वॅगनमधला.”

मॅनेजर खुर्चीतून उठलेच. वॅगनमधला नमुना! कोळसा धुण्याच्या त्या कारखान्यात असला आगाऊपणा नऊ वर्षांत कुणी केला नव्हता. राखेकाकांचं काम एवढंच, की कोळशाची ग्रॅमभर पूड वाटीत घालून भट्टीत जाळायची आणि मागे उरलेली राख तोलायची. शंभराला चौतिसाच्या आत असली, की गाडी पॉवरहाऊसला सुटायची. पूर्वी कोळसा खरोखर धुतला जायचा. जड गढूळ पाण्यात चांगला कोळसा वर तरंगायचा, दगड आणि गंधकाचे पिवळे चकचकीत खडे तळाला जायचे. मग यंत्र बंद पडलं ते पडलंच. तेव्हापासून बाहेरून वर्षाला एक टेम्पो धुतलेला कोळसा यायचा आणि ताडपत्रीखाली जपून ठेवला जायचा, फक्त नमुन्यासाठी. त्या ढिगाला सगळे जावईबापू म्हणत. काम काडीचं नाही, बडदास्त मात्र काय ती! काकाही या विनोदाला हसायचे. नऊ वर्षं हसले, निर्लज्जासारखे.

घर पॉवरहाऊसच्या भिंतीला लागून. रोज सकाळी काकू खिडकी पुसायच्या, फडकं दाखवायच्या आणि विचारायच्या, “अहो, तुमचा कोळसा धुतलेला ना? मग ही राख येते कुठून?”

“जुन्या चिमणीतून,” काका बूट घालता घालता ठोकून द्यायचे.

काकूंचा बिचारीचा विश्वास. शेजारणीलाही छातीठोकपणे सांगायच्या, आमच्या ह्यांनी तपासलेला कोळसा आहे म्हणून. आज सकाळी मात्र त्यांनी फडकं नुसतंच पुढे केलं. विचारण्याइतका दमच छातीत उरला नव्हता. काका तसेच निघाले आणि थेट वॅगनवर चढले.

मॅनेजर चिडले नाहीत, तेच वाईट झालं.

“काका, निवृत्तीला दोन दिवस राहिलेत तुमच्या. सुखानं घरी जा की.”

“घरीच तर तोंड दाखवता येत नाही, साहेब. ह्याच आकड्यावर सही करणार मी. गाडी थांबवा.”

“करा ना. पण मागच्या सगळ्या चौतिसांवर कुणाची सही आहे? माझी? मला येऊन दोन वर्षं झाली.”

त्यांनी फाईल पुढे सरकवली. पानापानावर काकांचीच सही, शेवटच्या अक्षराला ऐटदार शेपूट काढलेली. त्या शेपटीचीच काकांना जास्त लाज वाटली. तरी त्यांनी शेचाळीसखाली सही ठोकली. मॅनेजरांनी तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

“आता बाहेर बघा.”

रूळ रिकामे होते. कालचाच कागद लावून गाडी केव्हाच सुटली होती.

घरी काकू भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. काका दारातच थांबले. बूटही काढले नाहीत.

“आपला कोळसा धुतलेला नव्हता,” ते म्हणाले.

“कधी... पासून?”

“नऊ वर्षं झाली.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांचं दुखणं आठ वर्षांचं होतं. त्या ओरडतील, रडतील, निदान एखादी शिवी तरी देतील म्हणून काका उभे राहिले. काकूंनी उशाशी ठेवलेलं फडकं उचलून पुढे केलं.

“उद्यापासून खिडकी... तुम्ही पुसा.”

काकांनी उद्याची वाट बघितली नाही. दोनच खिडक्यांचं घर. दुसरी पुसून होईपर्यंत पहिलीवरच्या राखेत पुन्हा बोट उमटायला लागलं होतं.