खारातला एक्स

मित्रांनो, मी एक जुना मापाचा जग आहे. प्लास्टिकचा, एका लिटरचा, मुठीला तडा गेलेला. आफरीन तान्ही असताना तिच्या अम्मीने, इफ्फतने, मला रत्नागिरीच्या बाजारातून जयगडला आणलं. दुधाच्या पावडरीत पाणी कमीजास्त झालं तर लेकीचं पोट बिघडेल, या धास्तीने ती मला तीनतीनदा डोळ्यांसमोर धरायची. काय मान होता माझा! पुढे आफरीन मोठी झाली आणि मी कुंड्यांना पाणी घालू लागलो.

पण तो एप्रिलचा दिवस! दुसऱ्या दिवशी आफरीनचा नववीचा बीजगणिताचा पेपर. मिश्रणाची गणितं ती कायम सोडून द्यायची. इफ्फतचा जीव टांगणीला.

"जरा डोकं थंड कर, कैऱ्या खारात घाल," ती म्हणाली. मला धुऊन पुसून कामाला लावलं. पण आफरीनचं लक्ष कुठे! एका पातेल्यात लिटरला पन्नास ग्रॅम मीठ पडलं, दुसऱ्यात दोनशे. हवं होतं शंभर. बरणीला तीन लिटर खार लागणार, आणि मीठ संपलेलं, उकळून गार केलेलं पाणीही संपलेलं!

"अर्धं-अर्धं घालू ना," आफरीन म्हणाली.

इफ्फतने वाडग्यात तसं मिसळून अंडं सोडलं. दादीची रीतच ती. खार नेमका असला की अंड्याचं टोक नखाएवढंच वर दिसतं. इथे तर चांगलंच वर आलं!

"अगो, हे खाऊन तुझे अब्बा बोटीवरचं सगळं पाणी पितील! हेच ना तुझं पुस्तकातलं गणित? खारट पाणी एक्स लिटर धर."

आफरीन ओल्या बोटाने ओट्यावर लिहू लागली. "दोनशे एक्स... उरलं तीन वजा एक्स, त्याला पन्नास... मिळून मीठ तीनशे ग्रॅम..." बोट थांबलं. "अम्मी! एक्स म्हणजे एक! एकच लिटर!"

मी खारटात एकदा बुडालो, अळणीत दोनदा. अंडं सोडलं. दोघींनी श्वास रोखला, आणि मीसुद्धा!

नखाएवढंच टोक!

"जमलं गो बाय!" इफ्फतने लेकीला मिठीच मारली. आफरीनने नेलपॉलिशने माझ्या लिटरच्या रेषेवर लालभडक एक्स काढला. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडली, "मिश्रणाचं आलेलं! आधी तेच सोडवलं!"

मित्रांनो, घरातल्या जुन्या मापांच्या रेषा जपा. त्या पुसल्या की आम्ही नुसती भांडी उरतो. माझ्या लाल एक्सला तर आता इफ्फतही घासणी लावत नाही, नुसतं बोट फिरवते.