नाना पोतनिसांची प्रुफं

शेवटचं प्रकरण तपासून झालं त्या सोमवारी दुपारी नाना पोतनिसांना शेपूट फुटलं. वीतभर लांब, मऊ आणि राखी रंगाचं. नानांनी मागे वळून ते एकदा पाहिलं, धोतराच्या काष्ट्यात खोचलं आणि लाल पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"नले, पुढची गॅली दे," ते म्हणाले. "शेपटाकडे काय बघतेस? हस्तलिखिताकडे बघ."

नलूने गॅली, म्हणजे प्रुफाचा पुढचा लांब कागद, त्यांच्यापुढे ठेवली. बापाच्या शब्दाबाहेर जायची तिला सवय नव्हती, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नवी सवय लावून घेणं कुणाला जमलंय?

नाना कऱ्हाडातल्या खोतांच्या छापखान्याचे मुद्रितशोधक. बेचाळीस वर्षं छापखान्यातली प्रुफं त्यांच्या घरी येत आणि लाल होऊन परत जात. त्यांची पद्धत जगावेगळी होती. ते पुस्तक मागून वाचत. शेवटच्या पानावरचा शेवटचा शब्द पहिला, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. नलू हस्तलिखितातून एकेक शब्द मोठ्याने उच्चारायची आणि नाना प्रुफावर पेन्सिल सरकवत तो जुळतो का ते बघायचे. सरळ वाचलं की माणूस अर्थात गुंततो, असं ते म्हणत, आणि अर्थात गुंतलेला डोळा चुकीवरून घसरून जातो. नलू दहा वर्षांची होती तेव्हापासून त्यांच्यासमोर बसून असं वाचत आली होती. आई गेली तेव्हा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशीही दोघं वाचायला बसले होते. या पद्धतीने त्यांनी पाकशास्त्रं तपासली, पंचांगं तपासली, साखर कारखान्यांचे अहवाल तपासले. कुणाचं कधी काही वाकडं झालं नाही.

हा ग्रंथ मात्र उत्क्रांतीचा होता. शंभरावर वर्षांपूर्वी विलायतेत लिहिलेला, साऱ्या जगाची झोप उडवणारा, आणि एका निवृत्त प्राध्यापकाने उभं आयुष्य घालवून मराठीत आणलेला. बिचारे छापलेलं पुस्तक बघायला राहिले नाहीत. एका जीवातून दुसरा जीव कसा होत गेला ते त्यात पायरीपायरीने सांगितलं होतं, आणि हे बाप-लेक त्या पायऱ्या उतरायला लागले होते.

मंगळवारी नानांच्या अंगभर दाट केस आले. बुधवारी अंगठा मनगटाकडे सरकला. ते पेन्सिल मुठीत धरून चुकांवर रेघा ओढू लागले.

"नाना, थांबू या का?" नलू म्हणाली. "उरलेलं खोत दुसऱ्या कुणाला देतील."

"बेचाळीस वर्षांत एक प्रूफ माझ्या घरातून अर्धं परत गेलेलं नाही," नाना म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं धड वाक्य. नलूला मागाहून फार वाटलं, की तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण ती उठली नाही. या दोघांमध्ये जे काही बोलणं होतं ते एवढंच होतं, आणि ते थांबवलं तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी नाना चुकीच्या जागी टेबलावर थाप मारू लागले. शुक्रवारी ते मांजराएवढे झाले. रविवारी त्यांच्या अंगावर खवले आले आणि श्वास लागला, तेव्हा नलूने न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ पाण्याने भरून टेबलाशेजारी ठेवलं. चूक आली की नाना घंगाळाच्या काठावर शेपटी आपटत. माणूसपण गेलं तरी खडूसपणा शाबूत होता. मंगळवारी दुपारी नलूने पहिल्या पानावरचा पहिला शब्द उच्चारला आणि घंगाळात पाहिलं. पाण्यात मोहरीएवढा एक ढगाळ ठिपका तरंगत होता.

त्याच वेळी छापखान्याचे मालक खोत सायकलवरून आले.

"नाना कुठायत?"

"घंगाळात."

खोतांनी वाकून बघितलं. "कुठे?"

"तो ठिपका."

"बरं," खोत म्हणाले. "झालं ना तपासून? शनिवारी चारला न्यायला येतो. हस्तलिखितही काढून ठेवा, प्राध्यापकांच्या बाईंना परत हवंय. लग्नसराई तोंडावर आलीय, पत्रिका जुळवायला अक्षरांचे खिळे पुरत नाहीत. हा ग्रंथ छापून त्यात अडकलेले सगळे मोकळे करायचेत मला."

म्हणजे शनिवारी चारनंतर या ग्रंथाचं एक पानही घरात उरणार नव्हतं. नलूने घंगाळावर पातळ फडकं टाकलं आणि विचार केला. मागून वाचल्यावर नाना खाली गेले. पुढून वाचलं तर वर येतील. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी सकाळी ती खुर्ची ओढून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक सुरुवातीपासून वाचू लागली. तिसऱ्या प्रकरणाला ठिपक्याला कल्ले फुटले. पाचव्याला पाय आले, आणि तो जीव काठावर चढून बसला. नलू भराभर वाचू लागली. आठव्याला त्याच्या पाठीवर पिसं दिसली. पिसं कुठून आली हे कळायच्या आत एक बगळा घंगाळातून उठला आणि पंख पसरून खिडकीकडे निघाला. नलूने खिडकीवर झडप घातली. मग बगळ्याला खोलीत कोंडून, दाराला टेकून उभ्या उभ्या तिने आठवं प्रकरण मागून वाचलं, सातवं मागून वाचलं, आणि तो पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत ती थांबली नाही.

दुपारी तिने घरातल्या सगळ्या दारं-खिडक्या बंद केल्या आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला खेकडा आला. तो चौथ्या प्रकरणावर थांबला तो थांबलाच. तिने उरलेला सबंध ग्रंथ त्याला ऐकवला, पण त्याचं निभत होतं, त्याला पुढे जायची गरज वाटत नव्हती. तिसऱ्या खेपेला एक माकड आलं. त्याच्या कपाळावर नानांच्या होत्या तशा तीन आठ्या होत्या. नलूने त्याला "नाना" म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने दात दाखवले आणि ते कपाटावर जाऊन बसलं. शेवटच्या पानापर्यंत ते माकडच राहिलं. ते तिचा बाप नव्हतं. असं कुणाला सांगावं लागत नाही, आपल्या माणसाचं आपल्याला कळतं.

मागून वाचून त्याचाही ठिपका केल्यावर गुरुवारी ती घंगाळ झाकून छापखान्यात गेली.

"मला आठवडाभर द्या," ती खोतांना म्हणाली. "नाना येत नाहीत. दर वेळी दुसरंच काहीतरी येतं."

"येणारच," खोत म्हणाले. ते एका पत्रिकेवरचा गणपती सरळ बसवत होते. "एकच मजकूर एकच कंपोझिटर दोनदा जुळवतो, तरी चुका वेगळ्या पडतात. पहिल्या खेपेच्या चुका दुसऱ्या खेपेला पडलेल्या मी तरी पस्तीस वर्षांत बघितल्या नाहीत."

"मग मी काय करू?"

"शनिवारी चार," खोत म्हणाले.

ती घरी निघाली आणि अर्ध्या वाटेवर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. एका बंद दुकानाच्या फळीवर ती बसली. आपण हस्तलिखितातून वाचत होतो. हस्तलिखित शुद्ध होतं. आणि शुद्ध मजकुरातून माणूस होत नाही, हे त्या ग्रंथात पानोपानी लिहिलं होतं. कुठेतरी काहीतरी चुकतं, ते टिकतं, त्याच्यावर पुढचं चुकतं, आणि असं चुकत चुकत कोट्यवधी वर्षांनी कऱ्हाडात एक तिरसट, पोक आलेला, मुलीला 'नले' म्हणणारा म्हातारा होतो. नाना म्हणजे ठरावीक चुकांची एक रास होती. आणि त्या चुका नऊ दिवस बसून स्वतः नानांनीच एकेक करून काढून टाकल्या होत्या. तिने वाचून द्यायच्या आणि त्यांनी काढायच्या.

नलू फळीवर बसून रडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितलं, कुणी काही विचारलं नाही.

पण लाल रेघेखाली चूक तशीच असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? शुक्रवारचा सगळा दिवस तिने खोडरबर घेऊन प्रुफांवरच्या लाल रेघा पुसल्या. गळलेल्या ओळी गळलेल्या, दोनदा आलेले शब्द दोनदा, भलत्या जागी पडलेले विराम भलत्या जागी. दोन हजार एकशे सहा चुका तिने घोकून पाठ केल्या. कंपोझिटरच्या हातून जे जसं पडलं होतं तसं ते पुन्हा उभं राहिलं.

शनिवारी सकाळी अकराला ती बसली. जीभ आता इतकी सरावली होती की उतरायला एक तास पुरायचा आणि चढायला दीड. तिने प्रुफातून वाचलं, चुकीसकट, कुठेही न अडखळता. कल्ले आले, पाय आले. पिसं आली नाहीत. केस आले, मग केस विरळ झाले. साडेबाराला घंगाळाच्या काठावर माणसाचा हात आला. नखं, सांधे, अंगठा, सगळं जागच्या जागी.

"नाना!" ती ओरडली. तिने नानांचं धोतर त्यांच्याभोवती गुंडाळलं, नानांचा सदरा घातला, टॉवेलने डोकं पुसलं आणि मग टॉवेल बाजूला केला.

तो दुसराच माणूस होता.

साठ-पासष्टचा, गोल चेहऱ्याचा, जरासा भांबावलेला. थंडीने कुडकुडत होता.

"आपण कोण?" त्याने विचारलं.

"नलिनी पोतनीस."

"मी मोजणी खात्यात होतो," तो म्हणाला. "बहुतेक कोरेगावला. माफ करा, नीट आठवत नाही."

"मुलंबाळं?"

"नाही. मूल काही झालं नाही आम्हाला."

तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि चहा केला, कारण घरात माणूस आला की चहा करतात. तिचे हात आपोआप चालत होते. कुठे चुकलं असेल? एखादी चूक जास्त झाली असेल, एखादी निसटली असेल. नानांनीच एखादी बघितली नसेल, आपण ती नकळत शुद्ध वाचली असेल, आणि ती आता कुणालाच सापडणार नाही.

"चहा छान झालाय हो, ताई," तो माणूस म्हणाला.

या घरात हे वाक्य कधी कुणी बोललेलं नव्हतं. नलूला रडू फुटलं. तो गडबडीने उठला, शोधून पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि तिच्यासमोर धरून उभा राहिला. काय झालं म्हणून त्याने विचारलं नाही. ती शांत झाल्यावर त्याने फरशीवर सांडलेलं पाणी पुसलं, आणि घट्ट बसलेली एक खिडकी दोन ठोसे मारून उघडली. उजेड आत आला. हा माणूस नानांपेक्षा बरा होता. नलूला ते स्वच्छ दिसत होतं आणि त्यामुळेच तिचा जीव आणखी तुटत होता. याला ठेवून घेतलं असतं तर उरलेलं आयुष्य बरं गेलं असतं. फक्त मग नाना कधीच आले नसते, आणि ते यावेत असं वाटणारं जगात दुसरं कुणीही नव्हतं.

घड्याळात दीड वाजला होता. उतरायला एक तास, चढायला दीड. आत्ता सुरुवात केली तर बरोबर चार.

"तुम्हाला थोडं वाचून दाखवू?" ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना.

"वाचा की," तो खुशीत म्हणाला. "कित्येक वर्षांत मला कुणी काही वाचून दाखवलं नाही."

नलूने शेवटचं पान काढलं आणि शेवटचा शब्द उच्चारला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा.

"हे उलटं चाललंय ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"हो."

"असू द्या. ऐकायला गोड वाटतं. तुमचा आवाज अगदी…" त्याने पुढचा शब्द शोधला. तो त्याला सापडला नाही. त्याने तोंड दोनदा उघडलं, मिटलं, आणि स्वतःशीच हसला. मग तिला फार मोठ्याने वाचावं लागू नये म्हणून त्याने आपली खुर्ची उचलून तिच्या अगदी जवळ आणली.