जावईबापूंचे पाय

आमच्या वैद्यकीय प्रशिक्षण केंद्रातल्या पुतळ्याला सगळे जावईबापू म्हणतात. दिवसभर लोळायचं, काडीचं काम करायचं नाही आणि तरी चार माणसांनी भोवती धावपळ करायची, म्हणून. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, मॉनिटरवर आकडे उमटतात. मी काचेपलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसतो. जावईबापू कण्हतात ते माझ्या आवाजात, आणि मरतात ते माझ्या बोटाने.

माझ्याकडे नवखे येत नाहीत. तातडीच्या विभागात वीस-वीस वर्षं काढलेले डॉक्टर, सिस्टर, रुग्णवाहिकेवरचे लोक येतात. त्यांना शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. नवख्याला काही येत नसतं, त्यामुळे तो ऐकून तरी घेतो. यांना सगळं येतं, पण कसं कळलं ते सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "दिसतंय की." माझ्या गुणपत्रिकेत 'दिसतंय की' असा रकाना नाही.

म्हणून एक नियम आहे. पुतळ्याला घाम येत नाही, त्याचा रंग बदलत नाही, अंग तापत नाही. जे त्याच्यात नाही ते मोठ्याने विचारायचं, मी स्पीकरवरून उत्तर देतो. विचारलं नाही तर तपासलं नाही असं धरतो. हा नियम मी पहिल्या दिवशी सांगतो, परीक्षेच्या सकाळी पुन्हा सांगतो, शिवाय दारावर मोठ्या अक्षरात लावलेला आहे. तरी दर खेपेला निम्मे लोक त्यावरच आपटतात.

गेल्या वर्षी एका बॅचला मोठ्या सिस्टर आल्या.

मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हा त्या वॉर्डात आमच्यावर राज्य करायच्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मला त्यांनी लगीनघाई असं नाव ठेवलं होतं, कारण पेशंटपाशी पोचायच्या आधीच माझ्या कानात स्टेथोस्कोप असायचा. "अरे लगीनघाई, आधी पायाला हात लाव," त्या म्हणायच्या. "रक्तदाब कमी आणि पाय थंड, तर बहुतेक हृदय थकलंय. सलाईन ओतशील तर बुडवशील त्याला. रक्तदाब कमी आणि पाय गरम, तर अंगात जंतू भिनलेत. मग सलाईन आणि अँटिबायोटिक, तासाच्या आत. बाकीचं तुझं पुस्तक नंतर वाच."

माझे वडील त्याच वॉर्डात दाखल होते, तेव्हा एका दुपारी मॉनिटरवरचे सगळे आकडे चांगले होते. मी निवांत होतो. सिस्टरांनी येता-जाता चादरीखाली हात घातला, क्षणभर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भावाला बोलावून घे." मी आकड्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. भाऊ दोन तासांत पोचला, वडिलांशी चार शब्द बोलला. संध्याकाळी वडील गेले. त्या चार शब्दांसाठी मी सिस्टरांचा जन्मभराचा ऋणी आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तर त्याच सिस्टर पंचवीस वर्षांनी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या. त्यांच्या रुग्णालयाने फर्मान काढलं होतं: तातडीच्या विभागात राहायचं तर हा कोर्स पास व्हायला हवा. संधी दोन. दोन्ही हुकल्या तर बदली चादरींच्या भांडारात. निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

"चादरींच्या घड्या घालत निवृत्त व्हायला मी या धंद्यात आले नाही," चहाच्या वेळी त्या म्हणाल्या. "काय ते शिकव लवकर. आणि वर्गात मला सिस्टर-सिस्टर करू नकोस, बाकीचे बघतात."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

पहिल्या परीक्षेत मी त्यांना जावईबापू दिले ते असे: वय अडुसष्ट, हृदयाचा जुना आजार, दोन दिवस खोकला, आता बरळतायत. रक्तदाब खाली, नाडी जोरात. कागदावर निदान जंतुसंसर्गाचं होतं. हृदयाचा आजार होता तो चकवायला.

सिस्टर आत आल्या. मॉनिटरकडे न बघता थेट पलंगाच्या पायथ्याशी गेल्या आणि चादरीखाली हात घातला. मी काचेमागे कपाळावर हात मारून घेतला. वातानुकूलित खोलीत रात्रभर पडलेलं रबर ते. बर्फ नुसता.

"पाय थंड," त्या म्हणाल्या. "हृदय पंप करत नाहीये. सलाईन बंद करा."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते थंड पायांच्या माणसासाठी अगदी बिनचूक होतं. पण कागदावरच्या माणसाचे पाय गरम होते. त्याला सलाईन मिळालं नाही, अँटिबायोटिक मिळालं नाही. अकराव्या मिनिटाला मी बटण दाबलं आणि जावईबापू गेले.

नंतर मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पाय थंडच होते," त्या म्हणाल्या.

"तो पुतळा आहे, सिस्टर. त्याचे पाय कायमच थंड असतात. विचारायचं होतं."

"माझ्या हाताला कळतंय ते तुला कशाला विचारू?"

माझ्यापुढे रकाना होता, त्यात मी शून्य लिहिलं. त्यांनी शून्य पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. नेहमी दार हळू लावणारी बाई, त्या दिवशी दार उघडंच टाकून गेली.

दुसरी संधी पंधरा दिवसांनी होती. ते पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. हात चुकला नव्हता, चुकला होता तो माझा पुतळा, आणि शिक्षा व्हायची होती हाताला. परीक्षेच्या सकाळी मी कपाटातून बायकोची गरम पाण्याची पिशवी काढली.

"कंबर धरली का?" बायको म्हणाली.

"नाही. केंद्रात हवी आहे. पाय शेकायला."

"कोणाचे?"

"जावईबापूंचे."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तुमच्या जावयाचे लाड चाललेत ते चालू द्या," ती म्हणाली, "पण माझी पिशवी संध्याकाळी परत पाहिजे."

त्या दिवशी तिघांची परीक्षा होती. सकाळी दोघे झाले, एक डॉक्टर आणि एक रुग्णवाहिकेवरचे. जेवणाच्या सुट्टीनंतर पाळी सिस्टरांची. सुट्टीत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई डबा खायला गेल्या. मी केटलीत पाणी तापवलं, पिशवी भरली, जावईबापूंच्या दोन पावलांमध्ये ठेवली आणि वरून चादर ओढली. पाऊण तासाने पिशवी काढून घेतली. पाय खरंच माणसाचे वाटत होते. मी कोणाला उत्तर फोडलं नव्हतं, कागदावर गरम लिहिलं होतं तेच गरम केलं होतं. अशी मी स्वतःची समजूत काढली.

या खेपेला आजारी माणूस बदलला होता, चकवा तोच.

सिस्टर आत आल्या. पायथ्याशी गेल्या. त्यांचा उजवा हात चादरीकडे निघाला, आणि थांबला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखे. मग मान वर करून काचेकडे बघत मोठ्याने विचारलं,

"पाय गरम आहेत का?"

मी स्पीकरचं बटण दाबलं. "गरम आहेत."

"जंतुसंसर्ग. सलाईन सुरू करा, रक्त तपासणीला पाठवा, अँटिबायोटिक आत्ता. दिलं की मला मोठ्याने सांगा."

पुढे सगळं घड्याळाच्या काट्यावर झालं. प्रत्येक गोष्ट विचारली, प्रत्येक गोष्ट बोलून दाखवली. परीक्षक बाईंनी सगळे रकाने भरले आणि म्हणाल्या, "नमुनेदार." जावईबापू जगले. सिस्टर पास झाल्या. चादरींचं भांडार टळलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण पंधरा दिवस ज्या हाताची बाजू घेऊन मी मनात भांडलो होतो, तो पाठीमागे बांधलेला मी पाहिला होता.

परीक्षक बाई सही करून गेल्या. मी आतल्या खोलीत आलो. सिस्टर सवयीने पलंग आवरत होत्या. विस्कटलेली चादर त्यांनी पायांवर खोचली आणि तिथेच थबकल्या. चादरीखालून हात घालून त्यांनी पाऊल हातात धरलं. बराच वेळ धरलं.

"हे कोणी केलं?"

मी मॉनिटर बंद करायला वळलो.

"लगीनघाई, मी तुला विचारतेय."

"मी."

"सकाळच्या दोघांनाही गरम होते?"

"नाही."

त्यांनी हात काढून घेतला. चिडल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. "म्हणजे मला हात धरून पास करायला निघाला होतास."

"तुमचा हात चुकला नव्हता, सिस्टर."

"मी विचारलं, तू सांगितलंस, मी पास झाले. तुझ्या शेकाने नाही." त्या पर्स घ्यायला वळल्या, मग परत फिरल्या. "पण पाय छान झालेत. करायचं तर सगळ्यांसाठी कर. आणि कोणाला सांगू नकोस. ज्याला कळायचं त्याला हात लावल्यावर कळेल."

जाताना त्यांनी दार हळू लावलं.

त्यानंतर मी केंद्राच्या खर्चाने दोन पिशव्या आणल्या. आता प्रत्येक परीक्षेआधी केटली लावतो, आणि माणूस बदलला की पुन्हा शेकतो. कागदावर थंड असेल तर राहू देतो, गरम असेल तर गरम करतो. डॉक्टर येतात, सिस्टर येतात, पायथ्याशी उभे राहतात, काचेकडे बघतात आणि स्वच्छ आवाजात विचारतात. मी स्वच्छ आवाजात उत्तर देतो. निकाल चांगले लागतात.

अकरा बॅच झाल्या. पायाला अजून कोणी हात लावलेला नाही.