शेवटची फट

दशक्रियेला कावळा शिवेना. घाटावर ऊन चढलं. सुवर्णाचा धाकटा भाऊ अमोल हात जोडून म्हणाला, "ताई, तुझ्या लेकीचं, तेजलचं, लग्न मी थाटात लावीन." कावळे कठड्यावरून हलले नाहीत.

"दाजी, तुम्हीच बोला आता. ती माझं जिवंतपणीही ऐकत नव्हती."

मी म्हणालो, "होडी नीट करतो. धरणावर नेतो तुला."

कावळा लगेच उतरला.

आमची शिडाची लाकडी होडी. गंगापूर धरणावर आम्ही दोघं ती चालवायचो. सुवर्णाच्या आजारपणात ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुकत पडली आणि फळ्यांमध्ये फटी पडल्या. मी जुना रंग खरवडला, कुजलेली फळी बदलली, फटींमध्ये कापसाच्या वाती ठोकून वर राळ भरू लागलो.

पॉलिशपेपर घासताना होडीच्या पलीकडूनही घासल्याचा आवाज यायचा. मी थांबलो की तो जरा उशिरा थांबायचा. सुरुवातीला भीती वाटली. पुढेपुढे मी चहाही न घेता शेडमध्ये जाऊ लागलो.

एकच फट उरली तेव्हा लक्षात आलं, होडी पाण्यात गेली की शब्द पुरा होणार. मग सुवर्णा कशाला थांबेल? ती फट मी तशीच ठेवली.

सकाळी ती भरलेली होती. मी पटाशीने उकरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. मग कापूस आणि राळ घरातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तरी फट भरलीच. या वेळी वात सुवर्णाच्या सुती साडीच्या काठाची होती.

अमोल आला. "दाजी, झाली की होडी! कधी न्यायची?"

"एक फट राहिलीये."

त्याने बोट फिरवून पाहिलं. "ही? ही तर सगळ्यांत छान भरलीये. तुमच्या हातची वाटत नाही."

तो गेल्यावर मी पुन्हा पटाशी लावली. तेवढ्यात पलीकडून घासल्याचा आवाज सुरू झाला. मी घासत नव्हतो. आवाज भरभर येत होता, माणूस चिडून भांडी घासतं तसा.

मी पटाशी खाली ठेवली. "बरं," म्हणालो.

रविवारी अमोलच्या टेम्पोतून होडी धरणावर नेली. काठाला वारा नव्हता, तरी पाण्यात उतरताच ती डावीकडे कलली. सुवर्णा तिथेच बसायची. मी सवयीने उजव्या कडेवर बसलो. होडी सरळ झाली.

अमोल काठावरच थांबला. पुढे थोडा वारा मिळाला, शीड भरलं. मी डावीकडे पाहिलं नाही. नुसतं विचारलं, "आणखी थोडं जाऊ या?"

होडी एकदम माझ्या बाजूला कलली. पाणी आत आलं.

काठावरून अमोल ओरडला, "दाजी, मधे बसा! अहो, मधे!"

मी सरकून मधे बसलो.