कोणी कोणाला उचलायचं

क्लिप दातांत धरलेली, केसांच्या पिनेएवढी, आधी लोखंडाची चव आणि मग मागून राई गावच्या मातीची, जराशी खारट — बग्गीचं प्लॅस्टिकचं टप अशा क्लिपांवर बसतं आणि त्यातली एक आपल्या तोंडात आहे, तोवर तरी काही बोलावं लागणार नाही, असं सुयोगला वाटत होतं. टेबलावर क्लबमधल्या जयकुमारच्या दोन बग्ग्या. रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांब, दोन्ही स्पर्धेच्या, खऱ्या गाडीच्या एकदशांश. जयकुमार बडोद्याला चालला होता आणि सामानाच्या टेम्पोत बग्ग्यांना जागा नाही, असं त्याच्या बायकोने ठरवलं होतं. पहिली निवड सुयोगची. राहील ती परागची.

"बोल ना," जयकुमार म्हणाला. "पराग बोलला, सुयोगला नको ती मी घेतो. उसको कोई भी चलेगी."

कोणतीही चालेल… हा मोठेपणा परागने मुद्दाम घेतलेला. मनाला लावून न घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, आणि मी इथे अर्धा तास क्लिप चघळतोय.

पराग सख्खा चुलतभाऊ, तीन वर्षांनी मोठा. सुयोगचे वडील पुंडलिक आणि परागचे वडील राघोकाका एकोणीस वर्षं ह्याच, पायाखालच्या भातशेतावरून कोर्टात आहेत, त्यामुळे बिल्डर इकडे फिरकत नाही, त्यामुळे आजूबाजूला सात-सात मजले चढले तरी एवढा तुकडा मोकळा राहिला, त्यामुळे क्लबला बग्ग्या पळवायला ट्रॅक मिळाला. परवानगी दोघा भावांनी वेगवेगळी दिली, दुसऱ्याने नाही म्हटलं असेल ह्या आशेवर. थोरल्यांची भाऊबंदकी अशी पूर्ण मापाची, धाकट्यांची एकदशांश.

दोघींतली पट्ट्याची बग्गी मऊ. मोटरची ताकद रबरी पट्ट्यांवरून चारी चाकांना जाते, ती जमिनीला धरून राहते, सहसा उलटत नाही. दुसरी शाफ्टची, म्हणजे पट्ट्यांऐवजी धातूच्या दांड्यावर चालणारी; ती कोपऱ्यातून बाहेर पडताना उसळते, फेरीला अर्धा सेकंद सहज वाचवते, पण मनात आलं की पाठीवर पडून चारी चाकं वर. एवढाच फरक. कुणीही शहाणा माणूस दोन मिनिटांत ठरवेल. पण शहाण्या माणसाला चुलतभाऊ नसावा.

कारण क्लबचा नियम: एक गट पळून झाला की त्या गटाने पुढच्या शर्यतीला कोपऱ्यांवर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. फेऱ्यांची वेळ नोंदवणाऱ्या पूर्वी नावाच्या मुलीने दिवाळीपासून दोघांना वेगळ्या गटांत टाकलं होतं — एका गटात असले की ते ट्रॅक विसरून फक्त एकमेकांना ठोकायचे. म्हणजे आता शर्यत एकमेकांशी नाहीच. फक्त एकमेकांना उचलणं. मी शाफ्टची घेतली तर दर रविवारी पराग मला उचलणार. गेल्या महिन्यात उचललंच होतं त्याने, आधी चष्मा पुसला, मग गाडी हातात घेऊन तिच्यावरची धूळ फुंकली, खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जा बाळा, जा." बाळ एकतीस वर्षांचा. आणि शाफ्टची त्याला दिली तर मी वाकायचं, त्याच्यासाठी, चिखलात…

चिखल. सात वर्षांचा असताना सुयोग खाडीच्या गाळात कमरेपर्यंत रुतला होता आणि परागने त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. ठीक आहे, ओढलं. पण मग ते सांगितलं. लग्नात, बारशात, बहिणीच्या, रुचिताच्या साखरपुड्यात तिच्या सासरच्यांना, एकदा तर तेराव्याला, पानावर बसलेल्या लोकांना: ह्याला मीच काढला, न्हायतर गेला व्हता. चोवीस वर्षं. गाळाने सुद्धा एव्हाना सोडलं असतं.

पूर्वीने नाव पुकारलं. परागच्या गटाची शर्यत, सुयोग तिसऱ्या कोपऱ्यावर. त्याने क्लिप खिशात टाकली आणि जाऊन उभा राहिला.

चौथ्या फेरीला परागची जुनी गाडी बरोबर त्याच्या पायाशी उलटली. सुयोग ठरवून हळू वाकला. उचलली. वर चालकांच्या मचाणावर पराग रिमोट धरून उभा, खेळ त्याचा, गाडी ह्याच्या हातात. परागने घाबरून रिमोटवरचा बोटाचा दाब सोडलाच नव्हता, चाकं हवेत भणभणत होती आणि ती थरथर सुयोगच्या मनगटातून कोपरापर्यंत चढली. एक बग्गी गेली. दुसरी गेली.

"ठेव ना रे," पराग वरून म्हणाला. आवाज बारीक होता. मग, "सुयोग, ठेव ना."

आणि काय गोड वाटलं ते. गुळासारखं, घशापर्यंत. हे असं असतं? हे एवढं असतं तर कुणी का सांगणार नाही, मी तर आजच चार जणांना सांगीन, घरी सांगीन, रुचिताला फोन करीन… त्याला स्वतःचा चेहरा आतून जाणवला: गाल वर ओढलेले, ओठ किंचित बाजूला. हा चेहरा त्याने चोवीस वर्षं पंगतीत समोरून पाहिला होता.

त्याने गाडी खाली ठेवली. सरळ, नाक ट्रॅककडे, अलगद. इतकी अलगद त्याने स्वतःचीही कधी ठेवली नव्हती, आणि त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

शर्यत संपल्यावर जयकुमार पुन्हा टेबलापाशी आला. बोल, टेम्पोवाला थांबलाय. पराग मचाणावरून उतरून येत होता, चष्मा हातात. सुयोगने पट्ट्याच्या बग्गीवर हात ठेवला. म्हणजे शाफ्टची त्याला, म्हणजे तो पडणार आणि मी दर रविवारी… हात शाफ्टच्या बग्गीवर नेला. म्हणजे मी पडणार, आणि पराग हसणार, आणि आता तो आतून कसा हसतो ते मला माहीत असणार.

"कुठली?" जयकुमार.

राग शाबूत होता, पहिल्याएवढाच, एक चमचाही कमी नाही. फक्त तो कुणाचा आणि कुणावर, हे काही केल्या उमगेना.